गयाबाई आणि आयर्लंडची नटी

गयाबाईंशी बोलायचं तर आधी मनगट पुढं करावं लागे. "कसं काय भाऊसाहेब?" असं विचारतानाच त्यांची तीन बोटं आपल्या नाडीवर टेकलेली असत. आपण "ठीक आहे" म्हटलं की त्या डोळे बारीक करत, जरा थांबत आणि म्हणत, "खोटं बोलून राह्यले तुम्ही. बायकोशी भांडून आल्ते." आणि मी खरोखरच भांडून आलेलो असे.

त्या जालन्याच्या मिशन दवाखान्यात नर्स होत्या आणि आमच्या शेजारी दोन खोल्यांत एकट्या राहत. या जगात त्यांचा भरवसा दोनच ठिकाणी होता. एक भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर आणि दुसरा दवाखान्याच्या जुन्या मेट्रन मिससाहेबांवर. नाडीवरून खोटं ओळखायची विद्या मिससाहेबांचीच. उरलेल्या जगाबद्दल, "आपला बिलकुल इस्वास न्हाई." दूधवाल्याला त्या आधी त्याचंच दूध प्यायला लावत आणि तो घोट गिळेपर्यंत त्याचं मनगट सोडत नसत.

अशी ही बाई दर रविवारी सकाळी पांढरंशुभ्र लुगडं नेसून टॉकीजला जायची, आणि तेही इंग्रजी पिक्चरला. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या गल्लीतले पुरुषसुद्धा इंग्रजी पिक्चरला टोपी खाली ओढून जात. पन्नाशी उलटलेली विधवा, इंग्रजीचा गंध नाही, मग जाते कशाला? कुणाला भेटते? गल्लीत कुजबूज सुरू झाली. शेवटी एका रविवारी आमच्या हिनं फर्मावलं, "तुम्ही जाऊन बघा तरी." संशय तिचा, पाळत माझी.

पिक्चर घोड्यांचा आणि बंदुकांचा होता. गयाबाई अगदी पुढच्या बाकावर होत्या. पडद्यावर कुठलीही बाई आली की त्या उठत, पडद्यापाशी जाऊन मान वर करून तिचं नाक न्याहाळत आणि परत येऊन बसत. मागून लोक ओरडत, "ओ मावशी, खाली बसा की!" इंटरव्हलमध्ये त्यांनी तिकिटं फाडणाऱ्याचं मनगट पकडलं.

"आयर्लंडची बाई कुठंय? रीळ कापलं ना तुम्ही?"

"आईच्यान न्हाई कापलं, मावशी."

गयाबाईंनी नाडी पाहिली आणि हिरमुसून त्याला सोडलं. तेवढ्यात खांबाआडचा मी त्यांना दिसलो. मनगट गेलंच.

"इथं कामून आल्ते, भाऊसाहेब?"

"सहज."

"खोटं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "नगरपालिकेत इंग्लिश लिहिता ना तुम्ही? पिक्चर सुटला की चला माझ्यासंगं. जरुरी काम हाय."

आता काहीतरी भलतंच निघणार अशी माझी खात्री झाली. पण वाटेत जे निघालं ते असं. मिससाहेब मूळच्या आयर्लंडच्या. त्यांची धाकटी बहीण घरच्यांशी भांडून नाटकात गेली, तिकडच्या रंगभूमीवर नाव काढलं आणि मग सिनेमात शिरली. मिससाहेबांना तेव्हा नाटक म्हणजे पाप वाटे. त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पुढं राग गेला, पण तोवर डोळेही गेले होते. मग बहिणीला पाहायला त्या गयाबाईंना धाडू लागल्या. टेबलावर बहिणीचा फोटो होताच, त्यातलं नाक गयाबाईंनी पाठ केलं.

"आधी दिसायची हो," गयाबाई म्हणाल्या. "कधी चहा घेऊन यायची, कधी दारात उभी शेजारीण. एका पिक्चरमधी तर मस्त लंबी बोलली आन मंग मेली. आता कैक साल झाले, दिसतच न्हाई."

"मग तसं सांगा त्यांना."

"एकडाव सांगितलं. त्या दिवशी जेवल्या न्हाईत. मंग काय करावं माणसानं?"

माणसानं जे करावं ते गयाबाईंनी केलं. त्या दिवसापासून आयर्लंडच्या नटीचं नशीब उघडलं. चहा आणून देणारी बाई जज झाली, राजाची आई झाली, शेवटी राणी झाली. गयाबाई तिला पडद्यावर मरू म्हणून देत नव्हत्या. पण मागच्या रविवारी राणीला त्यांनी चुकून जाफराबादच्या एसटीत बसवलं होतं.

"त्यांना संशय येऊन राह्यला, भाऊसाहेब. आज तिच्या तोंडी घालायला एखादं इंग्लिश वाक्य द्या, म्हणजे खरं वाटंल."

माझं इंग्रजी सरकारी पत्रांपुरतं. मी दिलं ते.

मिससाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. सगळी हयात जालन्यात गेल्यामुळे बोलणं गयाबाईंसारखंच. "होती का गं ती आज?" त्यांनी विचारलं आणि हात पुढं केला. गयाबाईंनी आपला हात त्यांच्या हातात दिला.

"होती तर! फौजदाराची आई. सगळे बंदुका रोखून उभे. ही मधी आली, कंबरेवर हात ठेवले आन म्हणली, आय हॅव द ऑनर टु स्टेट!"

मिससाहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "मंग?" म्हणाल्या.

तेव्हा माझं लक्ष गेलं. गयाबाईंच्या मनगटावर त्या म्हातारीची तीन बोटं होती, नीट नाडीवर, जिथं नर्स ठेवते तिथंच. गयाबाई फौजदाराच्या शूर आईला घोड्यावर बसवत होत्या, बंदुका खाली टाकायला लावत होत्या, आणि मिससाहेब चेहरा जराही न हलवता सगळं ऐकत होत्या. कानांनीही आणि बोटांनीही. मी उगाच बागेकडं पाहत राहिलो.

"म्हातारपणी चांगलं काम मिळून राह्यलं तिला," निघताना मिससाहेब म्हणाल्या. "पुढल्या आयतवारी पण पाहून ये, गया."

फाटकाबाहेर आल्यावर गयाबाईंनी कडी लावली. मग स्वतःचंच मनगट चोळत म्हणाल्या, "माझी नाडी आज लई पळून राह्यल्ती. कळलं असंल का हो त्यांना?"

"छे! काही कळलं नाही," मी म्हणालो.

सवयीनं त्यांचा हात माझ्या मनगटाकडं आला. अर्ध्यावर थांबला. मग तो त्यांनी मागं घेतला आणि पदरात गुंडाळून घेतला.