कोतात्सुखालची दोन मॅगझिनं

जानेवारीतल्या रविवारी सकाळी नऊ वाजता कुनिमात्सु तेइजी मागच्या अंगणात उभा राहून माशाच्या रिकाम्या डब्यावर मशीनगन झाडत होता. खेळातली मशीनगन. हातभर लांब, गॅसवर चालणारी, प्लास्टिकचे छर्रे उडवणारी. कंपनीने परीक्षणासाठी पाठवली होती आणि दुपारी चारपर्यंत मासिकाला लेख हवा होता.

परीक्षण म्हणजे काय, तर जाहिरात देणाऱ्याची भांडी घासणं. बंदूक जड असली की 'हातात भरवशाची वाटते', हलकी असली की 'चपळ', आणि मोडली की 'हाताळणाऱ्याकडून कौशल्याची अपेक्षा करते'. वीस वर्षं तेइजीने हीच भांडी लखलखीत घासली होती. या खेपेला मात्र त्याचं डोकं फिरलं होतं. या खेपेला तो खरं लिहिणार होता.

थंडीने गॅस गारठला होता. तिसऱ्या छर्ऱ्याला बंदुकीने ढेकर दिला आणि चौथा तिच्या तोंडातून लाळेसारखा गळून त्याच्या चपलेवर पडला.

हिवाळ्यात या खेळातले सगळेच जे करतात तेच त्याने केलं. बंदुकीची दोन्ही मॅगझिनं, म्हणजे गॅस आणि छर्रे भरायच्या पेट्या, घरात नेली आणि कोतात्सुखाली, म्हणजे बुटक्या मेजाच्या पोटाला हीटर असतो त्याच्याखाली, रजईच्या आत सरकवली. पाच मिनिटं ऊब द्यायची आणि काढायची. तेवढ्यात बायकोने हाक मारली.

"अहो, इसोगाई मंडळी अकराला येतायत! घरात एकही बंदूक दिसता कामा नये. दिसली तर तुम्ही आणि बंदूक, दोघं एकाच कपाटात!"

योरिको उगाच ओरडत नव्हती. मुलगी चिएमि आणि इसोगाईंचा र्‍योहेई यांचं जमलं होतं, पण मुलाच्या आईने अजून होकार दिला नव्हता. "पन्नाशीचा बाप्या झुडपात लपून छर्रे उडवतो, त्या घरची सोयरीक?" हे मित्सुएबाईंचं वाक्य चिएमिच्या कानावर आलं होतं. आज बाई घर बघायला येणार होत्या. तेइजीने दीड तास बंदुका कपाटात कोंबल्या आणि मॅगझिनं साफ विसरला.

पाहुण्यांसाठी बैठकीची खोली सजवली होती. पण मित्सुएबाईंचे गुडघे दुखत होते. "आपण कोतात्सुतच बसू या का?" त्या म्हणाल्या. सगळ्यांनी रजईत पाय घातले, आणि तेइजीला आठवलं.

त्याने पायाने चाचपलं. मॅगझीन सापडेना. सापडली ती विहीणबाईंची पोटरी. बाईंनी थंडपणे त्याच्याकडे पाहिलं.

"संत्रं घ्या ना," योरिको घाईघाईने म्हणाली.

आणि रजईखालून आवाज आला. "फुस्स्स्स..." चांगला चार सेकंद.

अशा वेळी माणसाने हसावं किंवा खिडकी उघडावी. पण सभ्य घर पडलं! चिएमि संत्र्याच्या शिरा सोलू लागली. र्‍योहेई छताकडे बघू लागला. मित्सुएबाई कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या. र्‍योहेईचा बाप इसोगाई शुन्साकु, निवृत्त मुख्याध्यापक, ताठ्याचा पुतळा, त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, चष्मा काढला आणि कपाळ मेजाला टेकवलं.

"क्षमा असावी. माझ्याकडून झालं."

तेइजीच्या या छर्ऱ्यांच्या लुटुपुटीच्या लढाईत पंच नसतो. छर्रा लागला तर लागणाऱ्यानेच हात वर करून "लागली!" म्हणायचं. जो म्हणत नाही तो चोर. 'कबुली हीच खेळाडूची अब्रू' असं याच तेइजीने मासिकात छातीठोक लिहिलं होतं. त्याचा हात आपोआप वर जाऊ लागला. योरिकोने रजईखाली त्याच्या मांडीला असा चिमटा काढला, की हात परत खाली आला.

"गप बसा," ती हसऱ्या चेहऱ्याने पुटपुटली. "आता बोललात तर त्यांचं नाक कापलं जाईल."

खरंच होतं. कबुली दिली तर मुख्याध्यापक खोटा ठरत होता, न दिली तर तेइजी. आणि तेवढ्यात दुसरं मॅगझीन सुटलं.

ते थांबेचना. सायकलच्या ट्यूबसारखं, मग सापासारखं, मग गाता गाता दमलेल्या बुवासारखं. शुन्साकुने पुन्हा मान खाली घातली आणि आवाज संपेपर्यंत ती वर केलीच नाही. "पुन्हा मीच," तो म्हणाला.

मित्सुएबाईंनी हळूच नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे पाणावले होते.

"पस्तीस वर्षांत यांनी 'माझं चुकलं' म्हटलेलं ऐकलं नव्हतं हो. गाडी दुकानाच्या शटरवर घातली, तेव्हासुद्धा शटरच पुढे आलं होतं म्हणे! ज्या घरात यांना माफी मागायला सुचतं, त्या घराला मी नाही कशी म्हणू? चिएमि, ये गं अशी जवळ."

चिएमि रडली, योरिको रडली. तेइजीही रडला, पण त्याचं कारण वेगळं होतं.

निघताना बायका आत निरोप घेत होत्या. शुन्साकुने दारात बूट घालता घालता तेइजीची बाही धरली.

"काय होतं ते?"

"क... कसलं काय?"

"पहिल्या वेळी मला वाटलं, हिचंच. म्हणून अंगावर घेतलं. दुसऱ्या वेळी माझ्या पायाचा अंगठा गोठला, कुनिमात्सुसान. अजून बधिर आहे. माझ्या बायकोत दोष पुष्कळ, पण तिच्यातून बर्फाचा वारा कधी सुटला नाही."

तेइजीने कमरेत वाकून सगळं सांगितलं: विसरलेली मॅगझिनं, उबेने सुटलेला बर्फगार गॅस. "आत्ता आत जाऊन कबूल करतो!"

"खबरदार!" मुख्याध्यापक शाळेतल्या आवाजात गुरकावला. "तिने खांद्यावर हात ठेवला, पाहिलात ना? किती वर्षांनी ठेवला ते मला विचारू नका. ते माझंच होतं. मरेपर्यंत माझंच."

मित्सुएबाई बाहेर आल्या. "कुनिमात्सुसान, तुमचं मासिक एकदा पाठवा हं. आता सोयरे झालो, वाचायला हवं. आणि मी शब्द न् शब्द वाचते."

साडेतीनला तेइजी लिहायला बसला. 'ऊब मिळताच दोन्ही मॅगझिनं गळतात' हे वाक्य त्याने तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी लिहिलं: 'व्हॉल्व्ह असा घट्ट, की तासन् तास उबेत ठेवूनही मॅगझिनातून श्वाससुद्धा सुटला नाही. कुणाच्याही घरी निर्धास्त न्यावी.'

चारला संपादकाचा फोन आला. "कुनिमात्सुसान, वीस वर्षं वाचतोय तुम्हाला. पण पहिल्यांदाच मनापासून लिहिलंत!"