केसूअण्णांची गाडी का कण्हत होती?

एका जंगलात, मुलांनो, एक घाट होता. घाटापलीकडे बगळे डॉक्टरांचा दवाखाना होता. आणि साऱ्या जंगलात मिळून गाडी होती एकच. ती केसूअण्णा अस्वलाची.

केसूअण्णा मनाने मोठे. कुणाला ताप येवो, कुणाची शेपटी फाटकात अडको, अण्णा लगेच गाडी काढायचे.

एके दिवशी गाडी कण्हू लागली. सरळ जाताना गप्प. वळायला स्टीअरिंग फिरवलं, की "कुंऽऽई!"

अण्णा घाबरून कोल्होबांकडे गेले. कोल्होबांनी जन्मात गाडी चालवली नव्हती. त्यामुळे त्यांना गाडीतलं सगळं कळायचं.

"आवाज उजवीकडे वळताना येतो की डावीकडे?" कोल्होबांनी विचारलं.

"दोन्हीकडे."

"मग सरळ जात जा."

"पण रस्ता वळतो ना!"

"ती रस्त्याची खोड. तू असं कर, रेडिओ मोठा लाव."

अण्णांनी रेडिओ मोठा लावला. आवाज येईनासा झाला! अण्णांनी खूश होऊन कोल्होबांना मधाचं अख्खं पोळं दिलं.

मग एका दुपारी टोचाजी साळिंदर धापा टाकत आले.

"अण्णा, चला! हिला कळा सुरू झाल्यात!"

अण्णांनी गाडी काढली. टोचाजी पुढे बसले. त्यांची बायको सुईवहिनी मागे आडवी झाली. ती आडवी होताच सीटची चाळण झाली, पण अण्णांनी तशीच गाडी सुरू केली.

"आधी तो रेडिओ बंद करा!" वहिनी ओरडली.

रेडिओ बंद झाला. घाटाचं पहिलं वळण आलं.

"कुंऽऽई!"

"अरे देवा, कळ आली!" टोचाजी रडायलाच लागले.

"अहो, ती मी नव्हे. गाडी!"

दुसरं वळण आलं. "कुंऽऽई!"

"ही गाडी ना?" टोचाजी हसत म्हणाले.

"ही मी होते!"

पुढच्या वळणावर मात्र कुणी हसलं नाही. स्टीअरिंग दगडासारखं जड झालं. अण्णांनी दोन्ही हातांनी ओढलं, दातओठ खाल्ले, ब्रेक दाबला. गाडी दरीच्या काठाला नाक लावून थांबली. खाली इतकं खोल होतं, की ढगांची पाठ दिसत होती.

"मी उतरून पळत जाऊ का?" टोचाजींनी विचारलं.

"बाळंत तुम्ही होणार आहात का?" वहिनी म्हणाली. "गप्प बसा. अण्णा, गाडी काठापासून मागे घ्या."

अण्णांनी कशीबशी मागे घेतली.

"आता जागच्या जागी स्टीअरिंग फिरवा."

"कुंऽऽई!"

"बघा! गाडी धावत नाही, तरी आवाज येतोय. म्हणजे धावत्या चाकांचा दोष नाही. दुखणं आत आहे. इंजिन बंद करा आणि बॉनेट उघडा. माझी पुढची कळ यायच्या आत!"

अण्णांनी बॉनेट उघडलं. आत स्टीअरिंगचं चित्र असलेली एक डबी होती. झाकण काढून पाहिलं तर तेल पार तळाला गेलेलं. डबीखालच्या नळीची पट्टी ढिली पडली होती. तिथून टिप टिप गळत होतं. अण्णांनी आपल्या नखाने पट्टीचा स्क्रू गच्च आवळला. गळती थांबली.

"पण आता तेल कुठून आणायचं?" टोचाजी डिकी उघडून म्हणाले. "अण्णा, तुमच्या डिकीत ती लाल बाटली कसली?"

"ती होय? गाडीबरोबरच मिळाली. केसांचं तेल आहे. मी रोज लावतो."

टोचाजींनी बाटली डोळ्यांजवळ धरली. "अहो, यावर स्टीअरिंगचं चित्र आहे!"

अण्णा ओशाळले. "मला वाटलं, भांग कुठल्या बाजूला पाडायचा ते दाखवलंय."

अर्ध्याच्यावर तेल अण्णांच्या डोक्यात जिरलं होतं. उरलेलं डबीत ओतलं. इंजिन सुरू करून स्टीअरिंग पार डावीकडे, पार उजवीकडे, पुन्हा डावीकडे फिरवलं. डबीत बुडबुडे उठले आणि विरले. आवाज हळूहळू बारीक झाला. मग नाहीसाच झाला.

अण्णांनी एका बोटाने स्टीअरिंग फिरवून दाखवलं. टोचाजींनी टाळ्या वाजवल्या. तिघेही वेड्यासारखे हसत सुटले. हसता हसता वहिनीला जबरदस्त कळ आली, आणि अण्णांनी उरलेला घाट असा पार केला, की वाटेतल्या माकडांनी उभं राहून पाहिलं.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. वहिनीला आत नेलं. थोड्याच वेळात आतून रडण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दुसरा. जुळी!

टोचाजींना आनंद आवरेना. ते धावत बाहेर आले. "अण्णा! तुमचे उपकार कसे फेडू?" असं म्हणून त्यांनी अण्णांना कडकडून मिठी मारली.

साळिंदराने. कडकडून. मिठी.

अण्णांनाही दवाखान्यात दाखल करावं लागलं. बगळे डॉक्टर चोचीने एकेक काटा उपटत होते आणि अण्णा उताणे पडून आई गं, आई गं करत होते. शेजारच्या खाटेवरून वहिनीने एक बाळ हळूच त्यांच्या पंजात ठेवलं. अण्णांनी भीत भीत हात लावला. बाळाचे काटे अजून रेशमासारखे मऊ होते. डॉक्टरांनी त्याच वेळी सर्वांत मोठा काटा उपटला, तो अण्णांना कळलाही नाही.

तात्पर्य : कुरकुर ऐकू आली की वेळीच कारण शोधावं, असं तुम्ही म्हणाल. ते शोधा हो सावकाश. पण मदत हातोहात करावी, आणि आभार मात्र पोस्टाने घ्यावेत.