चार ओळींत सात चुका

मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. (घरात याला ‘खोड’ म्हणतात.) त्या संध्याकाळी कामावरून परतताना लिफ्टशेजारी सोसायटीची नोटीस दिसली. ‘पाणि’, तेही दोनदा! ‘सातपासुन’, ‘राहिल’, ‘भरुन’... चार ओळींत सात चुका!

लिफ्ट आली, गेली, पुन्हा आली. माझा पाय निघेना. शेवटी कागद काढून खिशात घातला. दहा मिनिटांत शुद्ध प्रत करायची आणि परत लावायची, एवढंच.

“हे काय आणलंत?” बायकोने विचारलं.

“नोटीस.”

“कसली?”

“ऱ्हस्वदीर्घाची!”

“अहो, लोकांना कळतंय ना? मग झालं!”

“झालं कसं? दर्जा नावाची काही चीज आहे की नाही?”

पहिल्या प्रतीत समास तिरका आला. दुसरीत शाई फुटली. तिसरी झकास होती, पण एक स्वल्पविराम डोळ्यांत खुपायला लागला. मी येरझाऱ्या घालत होतो, बायको कपाळाला हात लावून बसली होती. चौथी प्रत मात्र देखणी उतरली. ती टेबलावर वाळत ठेवली आणि नेमका माझा डोळा लागला.

सकाळी सात वाजून पाच मिनिटं. मी नखशिखांत साबणात. नळाने एक ढेकर दिला आणि तो गप्प झाला.

“अगं, पाणी गेलं!”

बाहेरून बायको चौथी प्रत मोठ्याने वाचू लागली, “उद्या सकाळी सातपासून पाणी बंद राहील...” मग बाथरूमच्या दारावर थाप. “अहो, तुम्ही ही वाचली नव्हती?”

“तपासली होती,” मी आतून म्हणालो. “वाचली नव्हती.”

तेवढ्यात दार वाजलं. टॉवेल गुंडाळून, एक डोळा मिटून मी बाहेर आलो. बायकोच्या हातातली प्रत बघून सोसायटीचे सेक्रेटरी कडाडले, “तुमच्या वेलांटीपायी माझ्या सासूबाई डोक्याला शाम्पू लावून बसल्यात!”

“पण साहेब, ‘पाणी’ दीर्घच...” (साबण तोंडात गेला.)

संध्याकाळी नवी नोटीस लागली : ‘मुद्रितशोधकांनी सूचनाफलकास हात लावू नये.’ मी पेन उघडून तीनदा तपासली. एक चूक सापडेल तर शपथ! अपमान विसरून मी धावत घरी आलो.

“बघितलंस? सेक्रेटरी सुधारले!”

“छे हो,” बायको म्हणाली, “दुपारी माझ्याकडून तपासून नेली त्यांनी.”