सिस्टरांची तांबडी

आमच्या कॉलनीत एक बाई रोज सकाळी मोटारीच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात. हे मी विनोदासाठी लिहिलेले नाही. दूधवाला येऊन गेला की इस्त्रीची पांढरी साडी नेसलेल्या वाकचौरे सिस्टर अंगणात येतात, बॉनेट उघडतात, इंजिन सुरू करतात, त्यावर ठिकठिकाणी चकती टेकवतात आणि डोळे मिटून ऐकत राहतात. त्या वेळी शेजाऱ्याने नुसता नमस्कार केला तरी त्यांचा पंजा वर होतो. राऊंड चालू असताना नातेवाइकांनी बोलायचे नसते.

तपासणी संपली की त्या निकाल सांगतात. "रात्री जरा कफ झाला हुता. आता मोकळी हाय."

ही गाडी लाल रंगाची, दोन दारांची आणि दोनच माणसांची आहे. जमिनीला ती इतकी टेकलेली आहे, की तिच्यात माणूस बसत नाही. पायऱ्यांच्या विहिरीत उतरावे तसा उतरतो. किलोमीटरचा आकडा तीन लाखांच्या पुढे कधीच गेला. परदेशी कंपनीने हे मॉडेल बंद केल्यालाही बराच काळ लोटला. सिस्टर तिला 'तांबडी' म्हणतात. अकोले तालुक्यातल्या डोंगरकपारीत त्यांचे बालपण गेले, त्यामुळे दावणीच्या जनावराला नाव असते तसे दारातल्या गाडीलाही असलेच पाहिजे, असे त्यांचे मत आहे.

ती त्यांच्याकडे आली कशी, तेही सांगितले पाहिजे. सिस्टर तेव्हा नगरच्या एका रुग्णालयात नोकरीला होत्या. कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली आणि घरातले सामान विकायला निघाले. सिस्टर तिथे वॉशिंग मशीन घ्यायला गेल्या आणि ही गाडी घेऊन परतल्या. माझ्या पत्नीने भाबडेपणाने विचारले, "सिस्टर, मशीनचं काय झालं?"

"ते नुसतं जागच्या जागी फिरत हुतं," सिस्टर म्हणाल्या. "हे फिरून येतंय."

सिस्टरांनी लग्न केले नाही. का केले नाही, हे विचारण्याचे धैर्य कॉलनीत कोणालाच झाले नाही. मला तर होणे शक्यच नव्हते. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि माझा स्वभाव होकाराचा आहे. समोरचा जे म्हणेल त्याला "बरोबर आहे" म्हणत मी पन्नाशी ओलांडली. याला लोक सौजन्य म्हणतात. अलीकडे मला शंका येते, की हा सौजन्यापेक्षा आळसच अधिक असावा. नाही म्हणायचे तर पुढे बोलावे लागते.

सिस्टरांचे सगळे आयुष्य मात्र 'न्हाई' या शब्दावर उभे आहे. नगरचे गतिरोधक या गाडीसाठी घातलेले नाहीत. सिस्टर गाडी तिरकी करतात, आधी एक चाक, मग दुसरे, असे तिला अलगद पलीकडे नेतात. मागे ट्रकवाला भोंगा वाजवीत राहतो. त्या काच खाली करून सांगतात, "पेशंटला कुशीवर घ्यायला वेळ लागतो, भाऊ. घाई असंल तर वरनं जा." नागापूरच्या एमआयडीसीतला एक लेथवाला त्यांना न मिळणारे भाग घडवून देतो. एकदा तो म्हणाला, "सिस्टर, हिचा माल आता जगात कुठं बनत न्हाई." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते. "कंपनीनं औषध बंद केलं म्हनून पेशंट मारायचा का? नाडी लागतीया ना? मग बनव."

हे 'नाडी लागतीया ना' त्यांचे अखेरचे प्रमाण आहे. त्यापुढे वाद चालत नाही.

वाद घालणारा एकच माणूस होता, त्यांचा भाचा संदीप. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. मुलगा वाईट नाही. सत्तरीला टेकलेली आत्या एकटीच भंडारदऱ्याच्या वळणावळणाच्या रस्त्याने ही गाडी हाकते, या कल्पनेने त्याला झोप लागत नसे. उन्हाळ्यात तो मुद्दाम आला आणि साक्षीदार म्हणून त्याने मला बोलावून घेतले.

"काका, तुम्ही तरी सांगा. ही गाडी घेऊन तिनं त्या घाटात जाणं बरोबर आहे का?"

"तुमचं बरोबर आहे," मी म्हणालो.

"सर!" सिस्टर गरजल्या. "तांबडीनं आजवर मला कधी रस्त्यात सोडलंय?"

"तुमचंही बरोबर आहे," मी म्हणालो.

दोघांनीही माझा नाद सोडला.

गाडीला वीस वर्षे होत आली होती. मागे वाढवून मिळालेल्या नोंदणीची मुदत संपत होती आणि पुन्हा पासिंग करून घ्यावे लागणार होते. संदीपने तोच धागा पकडला. "आत्या, पास झाली नाही, तर मी ती भंगारात देणार. तुला छोटी, नवी, गिअर नसलेली गाडी घेऊन देतो."

सिस्टर म्हणाल्या, "पास झाली न्हाई तर ने. पन पास झाली, तर पुन्यांदा या गाडीचं नाव काढायचं न्हाई. कधीच न्हाई. हाय कबूल?"

"कबूल."

मी दोघांच्याही बाजूने मान हलविली.

तपासणीची तारीख मिळाली आणि सिस्टरांनी तयारी आरंभली. ब्रेक नवे झाले, तेल बदलले (त्या 'रक्त बदललं' म्हणतात), धुराची चाचणी झाली. अंगणात जाताना त्यांना कोणी हटकले तर "ऑपरेशन हाय" एवढेच उत्तर मिळे. सगळे जुळून आले होते. मग आदल्या संध्याकाळी मी शुभेच्छा द्यायला गेलो, तो सिस्टर वाटीत लोणी आणि हळद कालवीत अंगणात बसलेल्या.

त्या उठल्या आणि पुढच्या दोन्ही चाकांवरचा पत्रा लोण्या-हळदीने सावकाश मळू लागल्या. खेड्यात वाढलेल्या वाचकांना हे ओळखू येईल. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे असेच मळतात. मळून झाल्यावर सिस्टरांनी बॉनेटवर हात ठेवला आणि रीतीप्रमाणे निमंत्रण दिले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"सिस्टर," मी चाचरत म्हणालो, "उद्या तर पासिंग आहे."

त्यांचा हात थांबला. तारीख त्यांनी इंग्रजी कॅलेंडरवरून घेतली होती. ती नेमकी अमावस्येला, म्हणजे पोळ्यालाच येते, हे हळद कालवतानाही त्यांच्या ध्यानात आले नव्हते. रुग्णालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे चाळीस वर्षे नोकरी केलेल्या बाईकडून ही चूक झाली होती.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"काय नाही?"

"पोळ्याला जुंपत न्हाईत."

"पण सिस्टर, ती गाडी आहे."

"आवतन दिलं ना मी तिला? तुमच्यासमोर दिलं. जेवायला बोलावून कामाला लावायचं? आमचा बाप म्हनायचा, पोळ्याला खांद्यावर जू ठेवलं तर बैल तोंडानं काय बोलत न्हाई, पन वरीसभर बघत ऱ्हातो."

उद्याची तारीख चुकली, की नोंदणीची मुदत संपेल, गाडी रस्त्यावर काढता येणार नाही, आणि पुढच्या तारखेपर्यंत संदीप भंगारवाल्याला घेऊन येऊ शकेल; हे सगळे मी अत्यंत नम्रपणे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि हळदीचा हात धुतला.

"येऊ द्या. उद्या पुरनपोळी हाय, जेवायला या."

पोळ्याच्या दिवशी परिवहन कार्यालयात त्यांचा क्रमांक पुकारला गेला असेल, तेव्हा तांबडी झेंडूची माळ घालून अंगणात उभी होती. बॉनेटवर नैवेद्याचे ताट होते. ते गाडीच्या वतीने मी खाल्ले. पोळी उत्तम झाली होती. प्रत्येक घासाला मला वाटत होते, की मी एका पराभवाचे जेवण जेवतो आहे.

संदीप अपेक्षेप्रमाणे चिडला. फोनवरचा त्याचा आवाज मला कुंपणाच्या अलीकडे ऐकू येत होता. "आत्या, पोळा? गाडीचा पोळा? पुढची तारीख शेवटची. त्यानंतर मी काही ऐकणार नाही!" सिस्टर तेवढ्याच जोराने म्हणाल्या, "नको ऐकू! तुज्या आजोबाचंबी कुनी ऐकत नव्हतं!" ते भांडण बराच वेळ चालले. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा, का कोण जाणे, टवटवीत दिसला.

नवी तारीख आली. मुदत संपलेली गाडी चालवीत नेणे नियमात बसत नव्हते, म्हणून ती टेम्पोवर चढवली. सिस्टर टेम्पोत पुढे न बसता मागे गाडीतच बसल्या. पेशंट एकटा ॲम्ब्युलन्समधून पाठवायचा नसतो. मी ड्रायव्हरशेजारी बसलो.

तपासणीला आलेले निरीक्षक तरुण आणि धिप्पाड होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "काकू, ही चालवतं कोण?"

"मी. कोन चालवनार?"

"आणि हे?" त्यांनी माझ्याकडे बोट केले.

"ते बरोबर हाय म्हनायला आलेत."

दिवे, हॉर्न, वायपर सुरळीत पार पडले. मग डावा इंडिकेटर लागेना. सिस्टरांनी पुढे होऊन दिव्याशेजारी तळहाताने एक खणखणीत चापटी मारली. इंडिकेटर लुकलुकू लागला.

"हे असं चालत नाही, काकू."

"का? जल्मलेलं पोर रडलं न्हाई, तर आमी काय करायचो? पाठीवर एक चापटी. रडलं की पास."

"बल्ब नीट बसवा, मग पुढे बघू," निरीक्षक गंभीरपणे म्हणाले. पण त्यांच्या मिशा हलत होत्या. सिस्टरांनी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि बल्ब बसवला.

ब्रेकची परीक्षा उरली होती. निरीक्षक गाडीत उतरले खरे. गुडघे हनुवटीला लागले. सिस्टरांनी मैदानात वेग घेतला आणि ब्रेक दाबला. गाडी रेषेत, जागच्या जागी थांबली. निरीक्षकांची टोपी तेवढी डॅशबोर्डवर पुढे गेली. मग त्यांना बाहेर येता येईना. एक पाय काढला की दुसरा अडके. सिस्टर फेरा घालून त्यांच्या दाराशी गेल्या. "घाबरू नका. हात माज्या गळ्यात टाका. कमरेतनं जोर लावू नका. चला, एक, दोन, उठा." सरकारी अधिकारी लहान मुलासारखा उभा राहिला. निरीक्षकांनी आपली कंबर चाचपली, गाडीकडे पाहिले, आणि म्हणाले, "काकू, गाडी तुमच्यापेक्षा जरा मऊ आहे. पास."

परतीच्या वाटेवर गाडी सिस्टरांनी स्वतः चालविली. घराकडे न वळता त्या चांदबिबीच्या महालाच्या रस्त्याला लागल्या. विजयाची फेरी असणार, असे मी समजलो. चढ सुरू होण्याआधी एका लिंबाखाली त्यांनी गाडी थांबवली आणि संदीपला फोन लावला. आवाज मोठा ठेवला. मला ऐकवायचा होता.

"पास झाली!" त्या ओरडल्या. "पाच वरसं! आता बोल!"

पलीकडून संदीपचा आवाज आला. "बरं झालं, आत्या. अभिनंदन. मी शब्द दिलाय, आता गाडीचं नाव काढणार नाही. सावकाश चालव. मीटिंगमध्ये आहे, ठेवतो."

फोन बंद झाला. सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या.

"भांडला बी न्हाई," त्या म्हणाल्या.

फोन त्यांनी मांडीवर ठेवला.

"दर रविवारी करायचा फोन. सकाळचा चहा झाला की. गाडी विक म्हनायचा, मी न्हाई म्हनायचे. मग तो त्याच्या पोरांचं सांगायचा, मी तांबडीचं सांगायचे, परत भांडायचो." त्यांनी स्टीअरिंगवरची नसलेली धूळ पुसली. "आता कशाला करंल? नाव काढायचं न्हाई, म्हनून मीच वदवून घेतलं."

लिंबाची पाने काचेवर पडत होती. इंजिन सुरूच होते. ज्या बाईने ट्रकवाल्यांना, लेथवाल्याला आणि सरकारलाही नाही म्हटले होते, तिच्यापाशी या क्षणी नाही म्हणायला कोणी उरले नव्हते. धीराचे चार शब्द बोलावेत असे वाटले. ते मला येतात. माझे सगळे शब्द धीराचे आणि निरुपयोगी असतात. मी घसा खाकरला.

"सिस्टर, स्पष्ट बोलतो. संदीपचंच बरोबर होतं. ही गाडी तुम्ही विकून टाकावी."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. "काय म्हनालात?"

"विकावी," मी म्हणालो. कारणे मात्र सुचत नव्हती. "जुनी झाली. पेट्रोल फार खाते. शिवाय... फार लाल आहे."

"लाल?"

"या वयात शोभत नाही."

त्यांच्या गालांवर हळूहळू रक्त चढले. चष्मा सरळ झाला. "सर, तुमाला गाडीतलं काय कळतंय हो? पुस्तकं मोजनारा मानूस तुमी! रविवारी सकाळी चहाला या घरी, बघतेच तुमच्याकडं."

"येईन," मी म्हणालो. "आणि हेच म्हणेन."

"या तर खरं!" त्या म्हणाल्या, गिअर टाकला, आणि तांबडी असा काही चढ चढू लागली, की मी दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला.