सुळसुळ्यांची बिनआवाजी मोटर

"आवाज म्हणून नाही हो, वन्सं. चालू आहे की बंद, तेच मेलं कळत नाही."

एका जंगलात, खाडीकाठच्या एका बिळात, हे वाक्य भिंतीपलीकडून आलं. बोलत होत्या सासूबाई. ऐकत होत्या आत्याबाई. आणि जिनं ऐकायला नको होतं तीही ऐकत होती. घरात येऊन जेमतेम महिना झालेली नवी सून.

मुलांनो, ती सून म्हणजे मी. मी फारशी बोलत नाही. माहेरी ह्याला गुण म्हणायचे. सासरी काय म्हणतात, ते आता कळलं, असं मला वाटलं. घरात दुसरं बिनआवाजाचं होतंच कोण?

मी तिथल्या तिथे रुसले. कुणालाच समजलं नाही. गप्प राहणाऱ्यांच्या रुसण्यात हीच अडचण असते.

तर, आमचं घराणं पाणमांजरांचं. आडनाव सुळसुळे. आणि आमच्याकडे मासेमारीची एक होडी होती. आता तुम्ही विचाराल, पाणमांजरांना होडी कशाला? शहाण्या मुलांनी हे मोठ्यानं विचारू नये. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, अर्धी शेपटी एका मगरीनं नेली होती. पाणमांजर शेपटीनं दिशा धरतं. त्यामुळे मामंजी पाण्यात उतरले की गोल गोल फिरत आणि निघाले तिथेच परत येत. मग एक दिवस दारात होडी आली.

"ह्यांना बसून मासे धरायला आवडतं," सासूबाई सगळ्यांना सांगत. शेपटीचं नाव घरात कुणी काढत नसे.

पण आता वल्हं मारून मारून मामंजींचे खांदे धरत होते. इंजिन लावावं, तर त्याच्या धडधडीनं मासे पळत. म्हणून विजेवरची मोटर घ्यायचं ठरलं. मोटर जमली तर होडी राहणार. नाही जमली तर मामंजी घरी बसणार, आणि घरी बसलेले मामंजी कसे दिसतील, ह्याचा विचार करायला कुणीच तयार नव्हतं.

मोटर विकायला खंड्या येत असे. निळा कोट, लांब चोच, त्याहून लांब बोलणं.

"काका, ही छत्तीस पौंडाची. आणि ही पंचावन्न पौंडाची."

"पंचावन्न पौंडांचं धूड होडीवर ठेवलं, तर आम्ही बसायचं कुठे?" मामंजी म्हणाले.

"बाबा, ते वजन नाही. जोर आहे," माझा नवरा म्हणाला. त्याचं नाव भोवरेश. त्यानं मोटरींवरचे सगळ्या जंगलाचे अभिप्राय वाचले होते. काल छत्तिसाची चांगली होती, आज पंचावन्नाची.

"जोर पौंडात? मग वजन कशात?"

"किलोत, काका."

"म्हणजे एकूण गोंधळच आहे," मामंजी म्हणाले आणि पंचावन्नवर खूण केली.

"हिला जीपीएस आहे," खंड्या म्हणाला. "बटण दाबलं की होडी एका जागी उभी राहते."

"ती तशीही एका जागीच उभी आहे," आत्याबाई म्हणाल्या.

मोटर पुढे लावायची की मागे, ह्यावर एक आख्खा दिवस गेला. शेवटी मागे ठरलं, कारण पुढे मामंजी बसतात. बॅटरी बारा व्होल्टची ठरली. पहिलं चार्जिंग कंपनी करून देणार होती. पुढचं आपलं आपण करायचं. जंगलात वीज फक्त वाघाच्या गुहेत होती. तिथे बॅटरी घेऊन कोण जाणार, हा प्रश्न सगळ्यांनी नीट घडी घालून ठेवून दिला.

"आता दांड्याची लांबी सांगा," खंड्या म्हणाला. "पंखा पाण्यात बुडायला हवा, पण तळाला टेकायला नको."

सुळसुळ्यांकडे सगळं शेपटीनं मोजतात. आणि मापाची शेपटी घरच्या कर्त्याची, असा रिवाज आहे. मामंजी होडीच्या मागच्या फळीला पाठ लावून उभे राहिले.

"एक... दोन... तीन... चार. लिहा, चार शेपट्या."

सासूबाई आभाळाकडे बघू लागल्या. भोवरेशनं मोबाइल काढला. आत्याबाईंना एकदम शिंक आली.

मी मनातल्या मनात माझी शेपटी लावून पाहिली. दोन भरल्या. कारखाना पुरी शेपटी धरतो, हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते पान घरात फक्त मी वाचलं होतं.

एका वाक्याचं काम होतं. पण मला बंद म्हणाले होते ना? म्हटलं, बघाच आता बंद म्हणजे काय असतं.

असा कडक निषेध मी पंधरा दिवस केला.

"सूनबाई रुळली हो आता," सासूबाई म्हणाल्या.

सोळाव्या दिवशी मोटर आली. हार घातला, नारळ फोडला. मामंजींनी नवी टोपी घातली, होडीत बसले आणि बटण दाबलं.

काहीच ऐकू आलं नाही. होडी हलली नाही. मात्र मागून चिखल वर यायला लागला. चार पुऱ्या शेपट्यांचा दांडा खाडीच्या तळात रुतला होता आणि पंखा चिखल घुसळत होता. खाडीतले मासे बाजूला सरकून, रांगेत उभे राहून बघत होते.

"बघा वन्सं," सासूबाई काठावरून म्हणाल्या. "खंड्यानं बादलीत फिरवून दाखवली, तेव्हाच मी म्हटलं होतं की नाही? आवाज म्हणून नाही, चालू आहे की बंद, तेच मेलं कळत नाही."

मुलांनो, मी पंधरा दिवस एका मोटरवर रुसले होते. तिच्याबद्दलचं बोलणं मी स्वतःला लावून घेतलं होतं. मोटरीनं मात्र काहीही मनाला लावून घेतलेलं दिसत नव्हतं.

मामंजी होडीतून उतरले. टोपी काढून हातात घेतली.

"विकून टाका ही होडी," ते म्हणाले. "पुरे झालं."

"काका, दांडा बदलून मिळेल," खंड्या म्हणाला. "माप तेवढं पुन्हा सांगा."

"माप चुकेलच कसं? मी स्वतः मोजलंय!"

मामंजी पुन्हा फळीला पाठ लावून उभे राहिले. सासूबाई आभाळाकडे बघू लागल्या. भोवरेशचा हात मोबाइलकडे गेला. आत्याबाईंनी शिंकायची तयारी केली.

महिना-दीड महिना न वापरलेलं यंत्र सुरू करताना जी खरखर होते, ती माझ्या घशात झाली.

"मामंजी, ह्या वेळी माझ्या शेपटीनं मोजा. घरादाराचं मोजून मोजून तुमची झिजलीय."

तात्पर्य : सुनेनं वेळेवर बोलू नये, उशिरा तर मुळीच बोलू नये. एकदा बोलली की घरातली सगळी मापं तिच्या शेपटीला लागतात, आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांना आठवतं, की बॅटरी वाघाकडे न्यायची आहे.