कावळ्याचं पान आणि पहिलं नाव

'लेखक : डॉ. भीमाचार्य व इतर.' टाइप करून आणलेल्या शोधनिबंधावरची ही ओळ शंतनुने बसमध्ये चारदा वाचली. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात तीन महिने कावळ्यांमागे धावलेला 'इतर' म्हणजे तोच. आज सरांची सही झाली की निबंध पोस्टात पडणार आणि तो जन्मभर इतरच राहणार.

बंगळूरच्या बसवनगुडीत पोचला, तर सरांकडे वडिलांचं श्राद्ध. सर सोवळ्यातच होते. "वर चल. पानाला कावळा शिवू दे, मग सही. स्वल्प थांब."

गच्चीवर जायचं म्हणताच शंतनु जिन्याच्या पहिल्याच पायरीवर अडला.

कारण प्रयोग याच गच्चीवर झाला होता. त्रास देणाऱ्याचा चेहरा कावळा लक्षात ठेवतो का, हा विषय. "मुखवटा असा कर, की बघून धडकी भरली पाहिजे," असं सरांनीच बजावलेलं. शंतनुने प्रामाणिकपणे विचार केला. त्याला धडकी भरवणारा चेहरा जगात एकच होता. कॉलेजच्या ग्रुप फोटोतून तो कापून त्याने शिवाजीनगरच्या सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्याला दिला. पेंटरने हुबेहूब मुखवटा केला; भुवया जरा जाड केल्या, एवढंच. सर कॉलेजात असताना शंतनु मुखवटा चढवून काठी आपटत कावळे पळवी. सरांच्या पत्नी चंपाअक्का वर कॉफी आणून देत आणि मुखवटा एकदा निरखून खाली जात. सरांनी पाहिले ते फक्त तक्ते. अलीकडे ते स्कूटर काढू लागले की कावळे कलकलाट करत. सर म्हणत, "पाहुणे येणार बहुतेक."

कठड्यावर पान ठेवून सर हात जोडून उभे राहिले. शेजारच्या माडावर बसलेल्या कावळ्यांनी त्यांना पाहिलं आणि एकच ओरडा केला. खाली एकही उतरेना. भटजी घड्याळ बघू लागले.

"दरवर्षी लगेच येतात हो," सर म्हणाले. "बाबांचं काय राहिलं असेल?"

"सर, मला वाटतं तुम्ही जरा..." शंतनुने धीर केला.

"तू गप रे," मागे उभ्या असलेल्या अक्का म्हणाल्या. "अहो, मामंजी नेहमी म्हणायचे, सुनेच्या हातांना फार कष्ट. धुणं धुऊन धुऊन..."

सरांनी पुन्हा हात जोडले. "बाबा, वॉशिंग मशीन घेतो."

कावळे ढिम्म. एक तर पाठ फिरवून बसला.

"गोकर्णही राहिलंय," अक्का हळूच म्हणाल्या.

"सरी, बरं, गोकर्णला नेतो! सुट्टी लागली की नेतो!"

भटजींचं पोट ऐकू येईल इतकं गुरगुरलं. शंतनु मनात हिशेब करू लागला. खरं सांगावं तर निबंधातून 'इतर'ही जाईल. न सांगावं तर सर घरदार लिहून देतील.

"मामंजी शाळामास्तर होते," अक्कांनी सुस्कारा टाकला. "एखाद्या पोराच्या कष्टाचं श्रेय कुणी लाटलेलं त्यांना खपत नसे. तसं काही नाही ना हो?"

सरांनी शंतनुकडे पाहिलं. मग माडाकडे. मग पुन्हा शंतनुकडे.

"पहिलं नाव शंतनुचं!" ते ओरडले. "माझं दुसरं! आता तरी या हो बाबा!"

कावळे आणखी जोरात ओरडले.

"अहो, पानाशी पाणीच नाही ठेवलंत," अक्का म्हणाल्या. "तांब्या घेऊन या बघू. तुम्हीच आणायला हवा."

सरांचं डोकं जिन्यात दिसेनासं झालं मात्र, चार कावळे सपकन उतरले. एकाने वडाच उचलला. तांब्या घेऊन सर धावत वर आले, तसे सगळे फडफडत पळाले.

"तृप्त होऊन गेले," सर डोळे पुसत म्हणाले. "बाबांचा जीव तुझ्या नावात अडकला होता रे. काही गोष्टी विज्ञानाच्या पलीकडे असतात, बघ." आणि कावळ्याची स्मरणशक्ती सिद्ध करणाऱ्या त्या निबंधावर त्यांनी शंतनुचं नाव पहिलं लिहून खाली सही ठोकली.

सर भटजींना घेऊन जेवायला उतरले. शंतनु निबंध छातीशी धरून मागोमाग निघाला, तोच अक्कांनी त्याला अडवलं.

"तो मुखवटा कुठंय?"

शंतनुने निबंध आणखी घट्ट धरला. "अक्का, मी... फेकून देतो. आजच."

"फेकतोस काय, वेड्या! नीट गुंडाळून माझ्या कपाटात ठेव," अक्का पदर खोचत म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मला काशीला जायचंय."