माकड-ऑर्किड गुप्तता समिती

कोणतंही गुपित एकट्याच्या बळावर टिकत नाही. त्यासाठी समितीच लागते. ससेक्समधल्या खडूच्या टेकडीवरच्या राखीव गवताळ रानात माकडासारखे हातपाय पसरलेलं एक दुर्मीळ ऑर्किड फुलतं (वर्षातून चार दिवस). ही गोष्ट कुणाला कळू नये म्हणून अकरा जण झटतात. लपवायचं काय, हे आधी कळायला नको का?

नियम साधा आहे. फुलापाशी असताना दुसरं कुणी दिसलं, की लगेच फुलाकडे पाठ करून निसर्गदृश्य बघत राहायचं.

सदस्य क्लेमंट रडॉक हे निवृत्त दातांचे डॉक्टर. मागच्या खेपेला ऐन बहरात ते सर्दीने आडवे होते, त्याआधी मुलीचं लग्न आडवं आलं. आता पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन. नंतर हा चढ जमेल की नाही, देव जाणे. यंदा फूल बघायचंच, असं ठरवून बिचारे धापा टाकत वर पोचले, तर तिथे अध्यक्षबाई मिसेस पेनफोल्ड आधीच हजर. दोघांनीही झटकन पाठ फिरवली.

"काय सुरेख दिसतंय आज," क्लेमंट म्हणाले. (दरीत धुकं होतं. काहीएक दिसत नव्हतं.)

नियमात सदस्यांना सूट नाही. तशी दुरुस्ती सप्टेंबरच्या सभेत होऊ शकते, पण फूल जूनमधलं. हळूहळू उरलेले नऊही आले आणि ओळीने उभे राहून धुक्याचं कौतुक करू लागले. मग थर्मास घेऊन क्लेमंटची बायको ऑड्री आली. तिला त्यांनी 'कुणाला बोलू नकोस' या अटीवर सांगितलं होतं. मागून चर्चमधल्या गाणाऱ्या बायका आल्या, त्याही त्याच अटीवर. चहा फिरला, बिस्किटं फिरली, मोठी मजा आली. आधी निघायचं कुणी, हा प्रश्न मात्र सभ्य माणसं सोडवू शकत नाहीत.

तेवढ्यात पाठीमागून चावण्याचा आवाज आला. दाढांचा आवाज क्लेमंट ओळखणार नाहीत तर कोण? गवत आखूड ठेवायला नेमलेली मेंढी कामावर आली होती.

"अहो, कुणीतरी मागे बघा," ते कळवळून म्हणाले.

"कसं बघणार?" मिसेस पेनफोल्ड म्हणाल्या. "तुम्ही आहात ना इथे."

वार्षिक अहवालात नोंद आहे की यंदा फूल कुणाच्याही नजरेस पडलं नाही; समितीच्या इतिहासातलं हे सर्वांत यशस्वी वर्ष. कंद शाबूत आहे. क्लेमंटनी गुडघा वर्षभर पुढे ढकलला आहे.

ती नेमकी जागा तुम्हाला सांगायला खरं तर हरकत नव्हती. 'मी कुठे कुणाला सांगणार आहे' असंच आलं ना मनात? या, समितीत भरती व्हायला तेवढंच लागतं. उभं कुठे राहायचं ते दाखवतो; तोंड तेवढं धुक्याकडे करा.